न चाखलेले पाणी

१

जलपुरवठा खात्याच्या मोठ्या साहेबांचा आवाज भर बैठकीत गेला, आणि तोही वाक्याच्या मध्यावर. "या शहराच्या पाण्याकडे कोणी बोट दाखवील, तर" एवढे ते बोलले. ओठ पुढेही हलत राहिले; आवाज मात्र उमटला नाही. बसलेल्या मंडळींना आधी वाटले की साहेब धमकीसाठी योग्य शब्द शोधत आहेत. त्यांच्या डोळ्यांतली भीती दिसली तेव्हा कोणीतरी उठले.

साथरोगांचा तपासनीस या नात्याने मला पाचारण झाले, तोवर त्यांचे हात पांघरुणावर दोन परक्या वस्तूंसारखे पडले होते. घास गिळवत नव्हता. ताप बेताचा होता, शुद्ध पूर्ण होती. मी जिभेखाली उजेड पाडला. तेथे मोहरीएवढे, राखेच्या रंगाचे ठिपके होते. असे ठिपके एकाच रोगात उठतात.

मुका ताप.

हा रोग पाण्यातून येतो. माणसापासून माणसाला तो होत नाही. दूषित पाणी पोटात गेले की प्रथम पोट पिळवटते आणि उलट्या सुरू होतात. मग ताप चढतो. त्यामागून तहान येते, आणि ती अशी विकृत, की पाणी प्यावे तर कडू लागते आणि न प्यावे तर जीव तळमळतो. पुढे बोटे बधिर होतात, आणि अगदी अखेरीस, मरणाच्या उंबरठ्यावर, वाचा जाते. रोगाला नाव पडले ते या शेवटच्या पायरीवरून. बुद्धी मात्र अखेरपर्यंत शाबूत राहते. ही निसर्गाची दया म्हणावी की क्रौर्य, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

साहेबांच्या बाबतीत ही शिडी कोणीतरी उलटी लावली होती. वाचा सर्वांत आधी गेली होती, आणि पोट एकदाही दुखले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण होती. अवघ्या शहरात हा एकच रोगी होता. पाण्याचा रोग असा एकट्यादुकट्याला निवडून गाठत नाही. त्याने तसे केले असेल, तर निवड पाण्याने केलेली नसते.

साहेबांच्या पत्नी खाटेच्या पायथ्याशी ताठ उभ्या होत्या. रडलेल्या दिसत नव्हत्या.

"वाचतील का?" त्यांनी विचारले.

"आशा फार थोडी आहे, बाईसाहेब."

"मग ज्यानं हे केलं तो यांच्या आधी मेला पाहिजे. मला माहीत आहे कोण ते. तो यांच्या कचेरीत पाणी आणून देणारा, खालच्या वस्तीतला, घागर म्हणतात त्याला. पोलिसांनी धरलाय. पण तो कबूल होत नाही म्हणे. तुम्ही कबूल करवा."

"मी रोग तपासतो. माणसांना कबूल करवणे माझे काम नाही."

"रोग काय तपासायचा त्यात? समोर पडलाय की!"

मी खाटेवर वाकलो. साहेबांना पापण्या अजून हलवता येत होत्या. एकदा मिटल्या तर होय, दोनदा मिटल्या तर नाही, असे आमचे ठरले.

"तुम्हाला कोणी मुद्दाम रोग दिला असे वाटते?"

होय.

"घागरने?"

त्यांनी पापण्या मिटल्याच नाहीत. त्यांना ठाऊक नव्हते. परंतु त्या डोळ्यांत जे धगधगत होते, ते भय नव्हते. हा मनुष्य मरायला तयार होता. त्याला फक्त एकटे मरायचे नव्हते.

२

बाईसाहेबांच्या स्वयंपाकघरात विस्तवावर एक पातेले ठेवलेले होते. पाणी उकळत होते. ते आता कोणासाठी उकळत आहे, हे मी विचारले नाही. सवय माणसाच्या दुःखापेक्षा चिवट असते.

"रोज पहाटे मीच उकळते," त्या म्हणाल्या. "निवलं की गाळून थर्मासात भरते. तो थर्मास त्यांच्याबरोबर कचेरीत जातो. नळाचं पाणी ते चूळ भरायलासुद्धा घेत नाहीत. दात घासायचे तेही थर्मासातल्या पाण्यानं."

"पाण्याच्या खात्याचे प्रमुख असून?"

"हलवाई स्वतःची मिठाई खातो का?" त्या फटकन म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन पातेल्याकडे वळल्या.

"थर्मासात कोणी काही टाकले असेल, असे तुम्हाला वाटते?"

"दुसरं कशात टाकणार? ते दुसरं पाणीच पीत नाहीत."

येथे बाईसाहेबांचा तर्क आणि पोलिसांचा तर्क एकच होता, आणि दोन्ही तर्क एकाच ठिकाणी लंगडत होते. थर्मासातले पाणी साहेब दिवसभर पीत. ते दूषित असते तर रोग पोटातून सुरू झाला असता. पोट तर स्वच्छ होते. उलट, तोंडाच्या आतल्या अस्तरावर ठिपके दाट होते आणि घशाकडे उतरावे तसे विरळ होत गेले होते. याचा अर्थ एकच निघतो. साहेबांनी ते पाणी गिळले नव्हते. तोंडात घेतले होते, बराच वेळ घोळवले होते, आणि थुंकून टाकले होते. विष जेथे रेंगाळले, तेथूनच रोग सुरू झाला. म्हणून शेवटची पायरी पहिली झाली.

"बाईसाहेब, साहेब कधी पाणी तोंडात धरून थुंकतात का? दात घासण्याखेरीज?"

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले.

"अहो, तेच तर त्यांचं काम! रोज सकाळी पाणी चाखल्याशिवाय ते शहराला सोडत नाहीत. सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला नाही?"

३

चाखणीची खोली गाळणघराच्या वरच्या मजल्यावर होती: एक लांब मेज, एक नळ, थुंकण्यासाठी चिनी मातीची तीन भांडी, आणि खाली संथ पाण्याने भरलेले हौद दाखवणारी मोठी खिडकी. पाणी चाखणारे तिघे. साहेब, एक वयस्क गृहस्थ ज्यांना सारे तात्या म्हणत, आणि चाळिशीच्या एक बाई, ज्यांना तात्यांसह सारे ताई म्हणत.

"पद्धत अशी," तात्यांनी सुरुवात केली. पद्धत सांगायला मिळाली की ते खुलत असावेत. "तिघांनी आपापला पेला या नळाखाली भरायचा. लगेच चाखायचं नाही. थंड पाणी चव लपवतं. झाकण घालून ठेवायचं, खोलीची ऊब त्याला लागू द्यायची. तोवर साहेब हौदांवर फेरी मारून येणार. मग तिघांनी एकदम घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा. साहेब 'गोड' म्हणाले की खाली झडप उघडते. गिळायचं मात्र नाही. गिळला तो चाखणारा नव्हे, तहानलेला."

"तिघांचे पेले येथेच राहतात?"

"आमचे दोघांचे राहतात. साहेबांचा त्यांच्या खोलीत, ती काय शेजारी. पद आहे, मान आहे. भरतात मात्र इथंच, आमच्यासमोर. आम्हा दोघांना तर शिंकसुद्धा आली नाही हो, डॉक्टर. पाणी एकच, नळ एकच."

"साहेबांची जीभ कशी होती?"

तात्यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "होती म्हणा. अलीकडं म्हातारी झाली. मध्ये एकदा क्लोरीन टाकणाऱ्या यंत्रानं घोटाळा केला. पाणी असं, की घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी तर भांडं गाठलं. आणि साहेब आपले शांतपणे म्हणतात, 'गोड!' मी काय बोलणार? साहेबांची जीभ गेली हे सांगायला माझी जीभ रेटेना."

"पण त्या जिभेवरच त्यांचे नाव आहे ना?"

"नाव म्हणजे! खालच्या वस्तीत साथ आली होती तेव्हा माणसं पटापट गेली. तेव्हा साहेब एकटेच चाखायचे. चौकशी आयोगापुढं त्यांनी शपथेवर सांगितलं, 'हेच पाणी मी रोज सकाळी तोंडात घेतो. मी धडधाकट तुमच्यासमोर उभा आहे. दोष पाण्याचा नाही, वस्तीतल्या घाणेरड्या भांड्यांचा आहे.' झालं. आयोगानं तेच ठरवलं, आणि यापुढं चाखणारे तिघे असावेत अशी शिफारस केली. तेव्हा आम्ही आलो."

ताई इतका वेळ खिडकीशी होत्या. मी त्यांच्याकडे वळताच त्यांनीच विचारले, "आवाज आधी गेला म्हणतात, ते खरं?"

"खरे आहे."

"असं कसं? आवाज तर शेवटी जातो." त्यांचा चेहरा उतरला होता. ती कणव नव्हती. हाती आलेला डाव मोडल्यावर माणूस जसा दिसतो तशा त्या दिसत होत्या. "मग आता ते काहीच बोलू शकत नाहीत?"

"पापण्यांनी होय-नाही सांगतात. पापण्याही फार काळ टिकणार नाहीत."

"होय-नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढं पुरे होईल."

"कशाला?"

"तुमच्या तपासाला, डॉक्टर. आणखी कशाला?"

मी साहेबांच्या जिभेबद्दल त्यांनाही विचारले. तात्यांचे मत सांगितले.

"तात्या भाबडे आहेत," त्या म्हणाल्या. "साहेबांची जीभ वस्तऱ्यासारखी आहे. चहा प्यायले की सांगतात, पाणी पुन्हा उकळलेलं होतं. गेल्याच महिन्यात सांगितलं. जीभ गेली असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायचंच झालं, तर दुसऱ्या कशाबद्दल बोलेन."

४

खात्याचा रसायनज्ञ हा तरतरीत, थोडा उद्धट आणि म्हणूनच विश्वासार्ह तरुण होता. त्याला माझा सिद्धान्त पूर्ण सांगून होईपर्यंत धीर निघेना.

"म्हणजे कोणीतरी साहेबांच्या खोलीत शिरून झाकलेल्या पेल्यात दूषित पाण्याचे थेंब टाकले. असंच ना?"

"असेच."

"अशक्य."

"का?"

"कारण साथीनंतर त्या नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकतात, डॉक्टर, आणि मुक्या तापाचे जंतू क्लोरीनपुढं हात धुवून होईपर्यंतही टिकत नाहीत. वस्तीला साथीच्या वर्षी जिथून पाणी जायचं, त्या जुन्या, आता बंद केलेल्या हौदातून बाटलीभर आणा, जंतू अजून आहेत तिथं, नळाच्या पेल्यात टाका, झाकण घाला, साहेबांची फेरी होऊ द्या. मग तो पेला मी स्वतः तोंडात धरून दाखवतो. पैज लावा."

"लावली असती, पण तुम्ही जिंकाल अशी मला खात्री आहे."

तो हसला. "मग तुमचा सिद्धान्त बुडाला."

"उलट तो आत्ता तरंगू लागला," मी म्हणालो.

वाचकाने येथे माझ्याबरोबर क्षणभर थांबावे. साहेबांना रोग झाला ही वस्तुस्थिती आहे. तो तोंडात धरलेल्या पाण्यातून झाला, हे ठिपके सांगतात. दात घासण्याच्या पाण्यातून नव्हे, कारण ते थर्मासातले, आणि थर्मासातले पाणी पोटातही जात होते. नळातून नव्हे, कारण तात्या आणि ताई धडधाकट आहेत. राहिला पेला. पेल्यात नळाचे पाणी असते तर जंतू मेले असते. जंतू मेले नाहीत. तेव्हा त्या पेल्यात नळाचे पाणी नव्हते. ज्यातून क्लोरीन उडून गेले आहे, असे उकळलेले पाणी होते.

साहेब सर्वांसमोर पेला भरत, खोलीत नेत, मोरीत ओतून देत, आणि थर्मासातल्या पाण्याने पुन्हा भरत. म्हणून क्लोरीनने तात्यांचे डोळे भरून आले त्या सकाळी साहेबांना पाणी गोड लागले. त्यांची जीभ खरोखरच वस्तऱ्यासारखी होती. त्यांनी ती शहराच्या पाण्याला कधी लावली नव्हती, इतकेच.

प्रामाणिकपणे चाखले असते, तर हा मनुष्य जगला असता.

आता मारेकऱ्याकडे वळू. साहेबांच्या खोलीत पेल्याशेजारीच थर्मास असे. ज्याला केवळ जीव घ्यायचा आहे, तो थर्मासात थेंब टाकील. ते पाणी पोटात जाणार हे उघड आहे. जे पाणी थुंकले जाणार, त्यात विष कोण कालवतो? घागरला क्लोरीनची माहिती नव्हती असे धरा, तरी थुंकले जाणारे पाणी आणि प्यायले जाणारे पाणी यांतला फरक त्याला कळत होता. रसायनज्ञाला क्लोरीन ठाऊक होते. पण पेल्यात नळाचे पाणी आहे अशी त्याची खात्री होती, आणि त्या खात्रीवर तो माझ्याशी पैज लावायला निघाला होता. तात्यांना वाटत होते की साहेबांची जीभ म्हातारी झाली. बाईसाहेबांना थर्मास ठाऊक होता, पण तो पेल्यात रिकामा होतो हे नव्हे. ठाऊक असते तर त्यांनी मला चाखणीच्या खोलीकडे धाडलेच नसते.

मारेकऱ्याने जाणूनबुजून पेला निवडला, म्हणजे त्याला पेल्यातले गुपित माहीत होते. आणि तो पेला निवडण्यात त्याचा हेतूही उघडा पडत होता. त्याला साहेबांना नुसते मारायचे नव्हते. त्याला साहेबांना त्या पेल्यातच पकडायचे होते.

जीभ धारदार आहे आणि तरीही घाण पाणी गोड लागते, ही दोन्ही टोके एकाच व्यक्तीच्या हाती होती. मुक्या तापात आवाज शेवटी जातो, हेही तिलाच ठाऊक होते. आयोगाच्या अहवालात ते नाही, कारण आयोग कोणाच्या उशाशी बसला नव्हता.

५

ताई चाखणीच्या खोलीत एकट्याच पेले विसळत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "तुमची वाटच पाहत होते. उशीर केलात."

"तुमचे त्या साथीत कोण गेले?"

"मुलगी." त्यांनी पेला पालथा घातला. "शाळेत सगळ्यात बडबडी होती. आजारातही बोलायची थांबली नाही. 'आई, पाणी कडू आहे,' म्हणायची, आणि मी म्हणायची, 'नाही गं, तुझ्या तोंडाला चव नाही.' चाखून दिलेलं पाणी ना ते! साहेबांनी चाखलेलं. मग आवाज गेला. तरी ओठ हलवत होती. काय म्हणत होती ते मला कळत होतं."

त्यांनी दुसरा पेला उचलला.

"आयोगानं ठरवलं, माझी भांडी घाण. डॉक्टर, मी लेकीला माझ्या हातानं मारलं असं शिक्कामोर्तब करून ते जेवायला गेले. वस्तीतल्या प्रत्येक आईला त्यांनी हेच सांगितलं. मग तिसऱ्या चाखणाऱ्याची जागा निघाली. मी जीभ तयार केली. तिखट सोडलं, मीठ सोडलं. मला त्या माणसाच्या शेजारी उभं राहून बघायचं होतं, तो चाखतो कसा. बघितलं. क्लोरीनच्या त्या सकाळी मला सगळं कळलं."

"तेव्हाच तुम्ही सांगायला हवे होते."

"कोणाला? तात्यांना?" त्या हसल्या, आणि ते हसू पाहवत नव्हते. "खालच्या वस्तीतली बाई म्हणते, साहेब चाखत नाहीत. साहेब म्हणतात, चाखतो. घ्या निवाडा."

"म्हणून खून?"

"रोग तुम्ही तपासा, शब्द मला शिकवू नका. मला वाटलं होतं, तो बोलेल. माझी लेक शेवटपर्यंत बोलत होती, तोही बोलेल. रोग कुठून आला हे विचारतील, तेव्हा भीतीनं तरी खरं ओकेल. तो थुंकला, आणि आवाजच गेला. ते माझं चुकलं."

"घागर कोठडीत आहे."

"माहीत आहे. त्याला मी फासावर जाऊ देणार नाही. तुम्ही हरलात तर मी जाऊन सांगेन, मी केलं. पण मग काय होईल ते तुम्हीच बघा. 'लेक गेली म्हणून डोकं फिरलेली बाई.' साहेबांचा पुतळा होईल आणि आमची भांडी घाणच राहतील." त्यांनी हात पुसले. "माझ्याविरुद्ध तुमच्याकडं पुरावा काय आहे, डॉक्टर?"

प्रश्न मर्मावर होता. माझा सारा तर्क एका वाक्यावर उभा होता: पेल्यात उकळलेले पाणी होते. ते वाक्य सिद्ध करू शकणारा मनुष्य जगात एकच होता.

"साहेबांची साक्ष," मी म्हणालो.

"मग घ्या ती. पापण्या आहेत तोवर."

जिना उतरताना मला संताप आला होता, आणि तो केवळ ताईंवर नव्हता. मी रहस्य उलगडत आहे अशी माझी समजूत होती. वास्तविक मला एका कुलपात किल्लीसारखे फिरवले जात होते; आणि कुलूप उघडायलाच हवे होते, हे नाकारणे मला शक्य नव्हते.

६

दंडाधिकारी आले, त्यांचा कारकून आला. घागरला आणले होते. तो भिंतीला चिकटून उभा होता. त्याची माणसे, आणि त्यांच्या मागे वस्तीतली बरीचशी, रुग्णालयाच्या अंगणात जमली होती. ताईंना मी बोलावले होते. त्या दाराशी थांबल्या.

साहेबांचा श्वास आता मोजून घेतल्यासारखा येत होता. उजवी पापणी अर्धी ओघळली होती. डावी हलत होती.

मी सारे सांगितले. ठिपके, थर्मास, नळ, क्लोरीन. पेल्याशी आलो तेव्हा बाईसाहेब पुढे झाल्या.

"थांबा. तुम्ही कोणाची चौकशी करताय? खुन्याची की यांची?"

"दोन्ही एकच आहेत, बाईसाहेब. पेल्यात नळाचे पाणी होते असे साहेब म्हणाले, तर हा खून झालाच नाही. कोणालाही शिक्षा होणार नाही, आणि हा आजार कसा झाला हे कोणालाच कधी सांगता येणार नाही. पेल्यात थर्मासातले पाणी होते असे म्हणाले, तर खुनी या खोलीत आहे आणि मी त्याच्याकडे बोट दाखवू शकतो."

बाईसाहेबांना अर्थ कळायला क्षणही लागला नाही. त्या खाटेवर वाकल्या.

"अहो, नको. ऐका माझं. जाऊ दे तो खुनी. उद्या लोक काय म्हणतील? मुलांनी तोंड कुठं लपवायचं? नावाशिवाय आपल्याकडं राहिलंय काय? डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा. अहो, बघा ना माझ्याकडे!"

साहेब त्यांच्याकडे पाहत नव्हते. माझे बोट अजून उठले नव्हते. पण त्यांनी खोलीतला एकेक चेहरा तपासत आणला होता, आणि नजर दाराशी येऊन थांबली होती. ताईंनी ती चुकवली नाही. त्या दोघांना तेव्हा बाकी कोणी दिसत होते असे मला वाटत नाही.

"साहेब," दंडाधिकारी म्हणाले, "त्या सकाळी तुमच्या पेल्यात नळाचे पाणी होते?"

डावी पापणी मिटली, उघडली. पुन्हा मिटली.

नाही.

"घरचे, उकळलेले?"

होय.

बाईसाहेब खाली बसल्या.

मी ताईंकडे बोट दाखवले आणि माझी कारणे एकामागून एक मांडली. त्या सर्व ऐकत होत्या, शिक्षक पाठ म्हणून घेतो तशा. दंडाधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"एक उणीव राहते, डॉक्टर. त्या एका सकाळी साहेबांनी उकळलेले पाणी घेतले असेल. या बाईंना ते आधीपासून कसे ठाऊक असणार? रोजची सवय सिद्ध झाल्याखेरीज यांचे ज्ञान सिद्ध होत नाही, आणि ज्ञान सिद्ध झाल्याखेरीज गुन्हा नाही."

उणीव खरीच होती. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती. आज म्हणायला हरकत नाही की ठेवली असती तरी मला पस्तावा झाला नसता. मी खाटेशी गेलो.

"साहेब, रोज असेच करत होता?"

उत्तर आले नाही. पापणी थरथरली. हे कबूल करणे म्हणजे काय, ते त्यांना माझ्याइतकेच स्वच्छ कळत होते. मौनात त्यांचे नाव वाचत होते. पण मग ती बाई या दारातून चालत घरी जाणार होती.

तेव्हा ताई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, साथीच्या वर्षीही?"

मी पुष्कळ मरणे पाहिली आहेत. द्वेषाने इतका उजळलेला चेहरा मरणाऱ्याचा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी तिच्याकडे असे पाहिले की जणू हाताने धरून तिला आपल्याबरोबर ओढत आहेत. मग डावी पापणी हळूहळू, सर्व ताकद लावून, मिटली. पुन्हा उघडण्यासाठी ती धडपडली. ते मात्र साधले नाही.

"होय," दंडाधिकारी कारकुनाला म्हणाले. "लिहा. रोज. साथीच्या वर्षीही."

साहेबांचा श्वास चालू होता, पण त्यांना जे सांगायचे होते ते सांगून झाले होते. आपण जिंकलो, अशा समाधानाने ते पडून होते. शिपाई ताईंकडे सरकले. घागर भिंतीपासून सुटला आणि कोणाकडे पाहावे हे न कळून जमिनीकडे पाहू लागला.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "हे तुम्ही कशाला..."

"तू गप. बायको खाली उभी आहे तुझी, जा." मग त्या दंडाधिकाऱ्यांकडे वळल्या. "लिहून झालं?"

"झाले."

"मग मला न्यायच्या आधी ते एकदा वाचून दाखवा. पाणी न चाखता सोडलं, शपथ खोटी घेतली, भांड्यांचा दोष नव्हता. सगळं. इथं नको. खिडकी उघडा आणि मोठ्यानं वाचा."

"तशी पद्धत नाही," कारकून म्हणाला.

बाईसाहेब उठून खिडकीसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी चौकटीला लावले होते. दंडाधिकारी माझ्याकडे पाहू लागले. बहुधा त्यांना कोणीतरी वाद घालायला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ वाद नव्हता.

मी बाईसाहेबांचे हात हलकेच बाजूला केले आणि खिडकी उघडली.